पाठीत इंजेक्शन देतात तिथे मज्जारज्जू असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नीला सदतिसावा आठवडा चालू आहे. बाळ पायाळू असल्याने सिझेरियनची तारीख ठरली आहे. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करू, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. वहिनींचं म्हणणं की त्यांना दहा वर्षांपूर्वी हेच इंजेक्शन दिलं आणि तेव्हापासून कंबर धरली ती सुटलेली नाही. आईंना भीती वाटते की सुई मज्जारज्जूत जाते आणि हात चुकला तर पाय कायमचे जातात. त्यातच पत्नीच्या दोन वर्षांपूर्वीच्या एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी थोडी सरकल्याचं लिहिलं आहे. मग पूर्ण भूल द्यायचा आग्रह धरावा का, असं तुम्ही विचारता.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामातला मोठा वाटा सिझेरियनचा आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकू येतो. तो विचारायलाच हवा. तुम्ही तीन काळज्या एकत्र केल्या आहेत: पाय जाण्याची, कंबरदुखीची आणि सरकलेल्या गादीची. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मणक्यांच्या नळीत नक्की काय असतं आणि आमची सुई तिथे कुठपर्यंत जाते. ते नीट समजलं की पुढचं बरंच तुमचं तुम्हालाच उलगडेल. म्हणून आधी शरीररचना सांगते. थोडं लांबेल, पण घाई करू नका.

कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली एकमेकांना जुळून गेलेले ५ आणि टोकाला माकडहाडाचे साधारण ४. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग म्हणजे हाडाचा जाड ठोकळा. शरीराचं वजन तो पेलतो, आणि अशा दोन ठोकळ्यांच्या मध्ये गादी असते. ठोकळ्याच्या मागे हाडाची कमान असते. कमानीच्या मध्यातून मागे निघालेलं टोक म्हणजे पाठीवरून हात फिरवताना बोटांना लागणारा उंचवटा. ठोकळा आणि कमान यांच्यामध्ये जी पोकळी राहते, ती एकाखाली एक आली की कवटीच्या तळापासून माकडहाडाच्या जवळपर्यंत सलग नळी तयार होते. तिच्या पुढच्या बाजूला ठोकळे आणि गाद्या, मागच्या बाजूला कमानी. पुढची आणि मागची बाजू हा फरक लक्षात ठेवा. गादीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

ही नळी सगळीकडे सारखी नसते. मानेत ती ऐसपैस आणि तिकोनी असते, कारण हातांकडे जाणाऱ्या नसांमुळे तिथला मज्जारज्जू जाड असतो. छातीमागे ती गोल आणि अरुंद होते आणि कमरेत पुन्हा रुंद, तिकोनी. मागची टोकंही बदलतात. छातीमागच्या मणक्यांची टोकं खाली झुकलेली, एकमेकांवर आलेली असतात, त्यामुळे त्यांच्यामधून सरळ वाट सापडत नाही. कमरेतली टोकं मात्र जवळजवळ आडवी असतात. माणूस पुढे वाकला की त्यांच्यामधली फट उघडते. आम्ही बाईला उशी पोटाशी धरून हनुवटी छातीला टेकवायला आणि कंबर मागे काढायला सांगतो, ते या फटीसाठी. पोट मोठं असताना हे अवघड जातं हे आम्हाला माहीत असतं, आणि जेवढं जमेल तेवढं पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नळी माकडहाडापर्यंत जाते, पण मज्जारज्जू तिथपर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो ४२ ते ४५ सेंटीमीटर लांब असतो आणि बहुतेकांत कमरेच्या पहिल्या मणक्याच्या खालच्या कडेशी किंवा पहिल्या-दुसऱ्याच्या मधल्या गादीपाशी निमुळता होऊन संपतो. याचं कारण गर्भातल्या वाढीत आहे. तिसऱ्या महिन्यात गर्भाचा मज्जारज्जू नळीच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. पुढे हाडं भराभर वाढतात आणि मज्जारज्जू त्या वेगाने वाढत नाही. त्याचं वरचं टोक मेंदूला जोडलेलं असल्याने खालचं टोक वर वर राहत जातं. जन्माच्या वेळी ते साधारण कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी असतं आणि मूल एक-दोन वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसाच्या पातळीला येतं.

मज्जारज्जू वर राहिला तरी त्यातून निघणाऱ्या नसांना आपापल्या मूळच्या भोकातूनच बाहेर पडावं लागतं. म्हणून कमरेच्या आणि त्याखालच्या नसा रज्जूच्या टोकापासून निघून नळीतूनच खाली उतरतात आणि आपली जागा आली की एकेक करून बाहेर जातात. हा सगळा झुबका नळीतल्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात मोकळा असतो; पुढे मी 'पाणी' म्हणते ते हेच. शेवयांच्या खिरीत काडी घातली तर शेवया बाजूला सरकतात, काडीत ओवल्या जात नाहीत. सुई आली की या नसा साधारण तशाच बाजूला होतात. मज्जारज्जूचं तसं नाही. तो एकसंध, मऊ आणि आतून धाग्यांनी भरलेला असतो. त्यात सुई गेली तर ती इजा भरून येईलच असं नाही. म्हणून आमच्या शास्त्रात पहिला नियम एकच: मज्जारज्जू संपतो त्याच्या पुरेशा खाली सुई द्यायची. आम्ही ती कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये देतो.

आईंच्या भीतीत काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. ज्या इंजेक्शनाने मज्जारज्जूला इजा होऊ शकते, ते योग्य जागेपेक्षा वर दिलेलं इंजेक्शन असतं, आणि वर जाण्याची दोन कारणं आहेत. पहिलं, मज्जारज्जूचं टोक प्रत्येकात एकाच ठिकाणी नसतं. काहींत ते छातीमागच्या शेवटच्या मणक्यापाशी असतं, तर थोड्या लोकांत कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या खाली, क्वचित तिसऱ्यापर्यंतही उतरतं. दुसरं, बाहेरून मणका मोजताना चूक होऊ शकते. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे वरचे काठ बोटांनी शोधून त्यांना जोडणारी रेघ मनात काढली की ती चौथ्या मणक्यावरून किंवा त्याच्या लगतच्या फटीवरून जाते. आमची खूण हीच. पण अंगावर चरबी असेल, सूज असेल, गरोदरपणात कमरेचा बाक वाढला असेल तर ही खूण वर सरकल्यासारखी होते. २००० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी भूलतज्ज्ञांनी बोटांनी ओळखलेली फट एमआरआयशी ताडून पाहिली, तेव्हा एक तृतीयांशापेक्षा कमी वेळा ती बरोबर निघाली. बहुतेक चुका वरच्या बाजूला होत्या. २००१ मध्ये लंडनच्या भूलतज्ज्ञ फेलिसिटी रेनॉल्ड्स यांनी मज्जारज्जूच्या टोकाला इजा झालेले सात रुग्ण मांडले, आणि त्यातले बहुतेक सिझेरियनचे किंवा बाळंतपणाचे होते. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधली फट टाळा, आणि शंका असेल तर नेहमी खालची निवडा, हे त्यानंतर आमच्याकडे पक्कं झालं. एक फट वर मोजली गेली तरी मज्जारज्जू सुटावा, एवढी मोकळीक खालची फट निवडण्यात आहे. मी स्वतः शंका असेल तिथे सोनोग्राफीचा प्रोब पाठीवर ठेवून खालून वर मणके मोजते.

इजा किती क्वचित होते, याचा चांगला हिशेबही ब्रिटनचाच आहे. तिथल्या सगळ्या सरकारी रुग्णालयांतून एका वर्षात दिलेल्या पाठीतून भूल देणाऱ्या सुमारे ७ लाख इंजेक्शनांचा (स्पायनल, म्हणजे औषध थेट पाण्यात देतात ते, आणि एपिड्युरल, म्हणजे त्याच्या बाहेरच्या जागेत देतात ते) आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. शंकास्पद प्रत्येक रुग्णाची इजा इंजेक्शनानेच झाली असं धरलं, तरी कायमची इजा एक लाखात चारच्या आसपास येते. फक्त खात्रीचे रुग्ण धरले तर दोन. बाळंतिणींमध्ये प्रमाण याहूनही कमी आढळलं, कारण त्या तरुण असतात आणि त्यांच्या मणक्यांची झीज झालेली नसते.

आता सुईचा प्रवास सांगते. पाठीत काय होतंय ते बाईला दिसत नाही आणि भीतीचा बराच भाग त्या न दिसण्यातून येतो. आधी बारीक सुईने कातडी बधिर करतो. एवढं टोचणं, आणि औषध पसरताना होणारी किंचित आग, हे तिला जाणवतं. मग मुख्य सुई कातडी आणि चरबीतून जाऊन दोन उंचवट्यांच्या टोकांना जोडणाऱ्या लिगामेंटमध्ये शिरते. पुढे त्याच दोन हाडांमधलं पातळ लिगामेंट, आणि मग पिवळं लिगामेंट. त्याला हा रंग त्यातल्या लवचीक धाग्यांमुळे येतो. ते एका कमानीपासून खालच्या कमानीपर्यंत ताणलेलं असतं आणि नळीची मागची भिंत पुरी करतं. वाकलो की ते ताणतं, सरळ झालो की आखडतं. सुई त्यात शिरली की हाताला घट्टपणा जाणवतो, आणि पलीकडे निघाली की तो एकदम जातो. कातडीपासून इथपर्यंतचं अंतर बहुतेक बायकांत ४ ते ६ सेंटीमीटर असतं.

पिवळ्या लिगामेंटच्या पलीकडे लगेच पाणी लागत नाही. मध्ये कमरेत साधारण ५-६ मिलिमीटरची जागा असते. तिला एपिड्युरल जागा म्हणतात. तिथे मऊ चरबी आणि पातळ भिंतींच्या शिरांचं जाळं असतं. त्यापुढे ड्युरा हे जाड आवरण, त्याला आतून चिकटलेलं अरॅक्नॉइड हे झिरझिरीत आवरण, आणि आत पाणी. ड्युरा ओलांडताना हाताला हलकीशी 'टक' जाणवते. आतली तार काढली की सुईच्या मागच्या टोकाशी पाण्याचा स्वच्छ थेंब येतो. तो थेंब दिसेपर्यंत आम्ही औषध देत नाही. दिसल्यावर सुई पुढे नेण्याचंही काही कारण उरत नाही. या आवरणांच्या पिशवीच्या मागच्या भिंतीतून जेमतेम आत गेल्यावर आमचं काम होतं. ही पाण्याची पिशवी खाली माकडहाडाच्या वरच्या जुळलेल्या मणक्यांपैकी दुसऱ्यापर्यंत जाते. म्हणजे रज्जू संपल्यावरही कित्येक सेंटीमीटर नळीत फक्त पाणी आणि मोकळ्या नसा असतात. आम्हाला सुरक्षित काम करता येतं ते या भागामुळे.

सुई आत जाताना पायात विजेसारखी कळ गेली तर ती एखाद्या नसेला लागल्याची खूण असते. पत्नीला आधीच सांगून ठेवा की असं झालं तर दचकून हलू नको, 'उजव्या पायात कळ आली' असं लगेच बोलून दाखव. आम्ही थांबतो, सुई मागे घेतो, दिशा बदलतो. कळ चालू असताना औषध कधीच द्यायचं नसतं. या कारणासाठीच बाई जागी असताना इंजेक्शन देणं सुरक्षित आहे. पूर्ण गुंगीतल्या माणसाला ही सूचना देता येत नाही.

औषध किती? सिझेरियनसाठी साधारण दोन मिलिलिटर. नेहमीचं औषध म्हणजे अर्धा टक्का 'हेवी' बुपिव्हॅकेन. त्यात प्रत्येक मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम साखर असते, त्यामुळे ते आतल्या पाण्यापेक्षा जड होतं. त्याचा उपयोग असा: बाई उताणी झोपली की कमरेचा बाक वर उचललेला असतो आणि छातीमागचा भाग सखल, त्यामुळे औषधाचा एक भाग उतारावरून छातीच्या दिशेला वाहतो आणि त्या सखल भागात थांबतो. सिझेरियनमध्ये टाका जरी ओटीपोटाजवळ असला तरी पोटाच्या आतल्या पडद्याच्या संवेदना वरच्या नसांमधून जातात, म्हणून बधिरपणा छातीच्या बोंडांच्या पातळीपर्यंत यावा लागतो. आणि गरोदर बाईला त्यासाठी कमी औषध पुरतं. गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब टाकतं, रक्त एपिड्युरल जागेतल्या शिरांच्या वाटेने परतू लागतं, त्या फुगतात, मणक्यांच्या नळीतली पाण्याची पिशवी आक्रसते, आणि तेवढ्याच औषधाचा असर वर जातो.

याच वेळी रक्तदाब उतरतो, मळमळ होते, क्वचित धाप लागल्यासारखं वाटतं. रक्तवाहिन्यांना आकसून ठेवणाऱ्या नसाही बधिर होतात, म्हणून हे होतं. आम्ही त्याची वाटच पाहत असतो: सलाइन, डावीकडे थोडं कललेलं टेबल आणि रक्तदाब सावरणारं औषध हाताशी ठेवून. 'मळमळतंय' म्हटलं की आम्ही आधी मॉनिटरकडे बघतो. बाळ बाहेर काढताना ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं. दुखत नाही, पण स्पर्श आणि ओढ कळते. हे आधी सांगितलं नाही तर 'भूल चढलीच नाही' असं वाटून बाई घाबरते, म्हणून पत्नीला सांगून ठेवा.

आता वहिनींची कंबर. त्यांचं दुखणं खरं आहे आणि त्याला मनाचे खेळ म्हणणं चूक ठरेल. पण त्याचं कारण ते इंजेक्शन असण्याची शक्यता फार कमी आहे. वरचा प्रवास परत आठवा. अर्धा मिलिमीटर जाडीची सुई चरबी आणि लिगामेंटमधून गेली आणि बाहेर आली. त्या जागी दोन-चार दिवस ठणक राहू शकतो, कधी आठवडाभर. दहा वर्षं दुखत राहील असं तिथे काही उरत नाही. कमरेत सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची नीट तुलना झाली आहे, आणि दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही. इंजेक्शनाशिवाय नैसर्गिक बाळंत झालेल्या बायकांनाही कंबरदुखी मोठ्या प्रमाणात असते. त्याला कारणं आहेत. गरोदरपणात लिगामेंट सैल पडतात, पोटाचे स्नायू ताणून निकामी झालेले असतात, बाकावर वजन येतं. आणि बाळंतपणानंतर रात्ररात्र बसून, पाठीला आधार नसताना, मान खाली घालून दूध पाजावं लागतं. वहिनींना इतकी वर्षं त्रास आहे तर त्यांना एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शनाला दोष देऊन थांबल्यामुळे उपचार व्हायचे राहून गेलेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

पत्नीच्या गादीबद्दल. गादी नळीच्या पुढच्या भिंतीत असते. सरकते ती पुढून आत. आमची सुई मागून येते आणि मागच्या बाजूलाच थांबते. त्यामुळे किरकोळ सरकलेली गादी ही स्पायनलला अडचण नाही. तिच्या वयाच्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये काहीच त्रास नसताना असं लिहून येतं. मात्र आत्ता तिच्या पायात मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना कमजोरी वाटत असेल किंवा पायात कळ उतरत असेल, तर ते आधी सांगा. त्याची तपासणी करून कागदावर नोंद व्हायला हवी, म्हणजे पुढे काही वाटलं तर नवं काय आणि जुनं काय ते ठरवता येतं. आणि कण्याचं ऑपरेशन होऊन कमान काढलेली असेल किंवा स्क्रू घातलेले असतील, तर तो वेगळा विषय आहे. तिथे आतली रचनाच बदललेली असते.

इंजेक्शनाचा जो त्रास खरोखर होऊ शकतो तो डोकेदुखीचा. ड्युराला पडलेल्या भोकातून पाणी झिरपत राहिलं तर उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. ही डोकेदुखी या पद्धतीइतकीच जुनी आहे. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीर यांनी १८९८ मध्ये पहिल्यांदा पाठीतून भूल देऊन शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर स्वतःच्याच कमरेत सुई घालून घेतली. त्यात बरंच पाणी वाहून गेलं आणि त्यांना कित्येक दिवस अंथरुणावर पडून राहावं लागलं. आज सुया केसासारख्या बारीक आहेत. पेन्सिलसारखं टोक असलेल्या सुया धागे कापत नाहीत, बाजूला सारतात. त्या वापरल्या तर डोकेदुखी शंभरात साधारण एकीला, किंवा त्याहून कमी जणींना होते. कोणती सुई वापरणार, असं तुम्ही खुशाल विचारा. डोकेदुखी झालीच तर बहुतेक वेळा आराम आणि गोळ्यांनी काही दिवसांत जाते. नाही गेली तर बाईचंच १५-२० मिलिलिटर रक्त एपिड्युरल जागेत सोडतात. ते गोठून भोक बुजवतं आणि अनेकदा लगेच उतार पडतो. मात्र इंजेक्शननंतर चोवीस तास उशी न घेता सपाट पडून राहण्याने ही डोकेदुखी टळत नाही. हा जुना नियम आपल्याकडे अजून काटेकोर पाळला जातो आणि त्यापायी बाळाला पाजायला विनाकारण अडचण होते.

मग स्पायनल कधी देऊ नये? हे परिस्थितीवर आहे. रक्त गोठण्यात अडचण असेल तर एपिड्युरल जागेतल्या त्या पातळ शिरांपैकी एखादी टोचली गेली की रक्त साचतं. नळी हाडांनी बंदिस्त असल्याने त्याला पसरायला जागा नसते आणि नसांवर दाब येतो. म्हणून प्लेटलेट ७०-८० हजारांच्या वर आणि स्थिर आहेत ना, हे पाहतो. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूमुळे, किंवा गरोदरपणातला रक्तदाब वाढून प्लेटलेट झपाट्याने उतरतात. तिथे आठवड्यापूर्वीचा रिपोर्ट उपयोगाचा नाही. रक्त पातळ करण्याची एनोक्सापॅरिनसारखी इंजेक्शनं चालू असतील तर शेवटचा डोस कमी मात्रेचा असेल तर १२ तास, जास्त मात्रेचा असेल तर २४ तास आधीचा हवा. कमी मात्रेची ॲस्पिरिन एकटीच चालू असेल तर अडचण नसते. सुई द्यायच्या जागी कातडीला संसर्ग असेल तर देत नाही. कमरेच्या मध्यावर जन्मापासून केसांचा पुंजका किंवा खोल खळगा असेल तर नक्की सांगा, कारण अशा काही व्यक्तींत मज्जारज्जू खालीच अडकून राहिलेला असतो आणि मी वर सांगितलेला सगळा हिशेब तिथे लागू पडत नाही.

पूर्ण भूल वाईट नाही. खूप रक्तस्राव चालू असेल, बाळाचे ठोके मंदावत असतील आणि मिनिटं मोजावी लागत असतील, किंवा वरीलपैकी अडचण असेल, तर मी स्वतः तीच निवडते. पण ठरलेल्या, घाई नसलेल्या सिझेरियनसाठी ती दुसरी निवड आहे. गरोदरपणात घसा आणि श्वासनलिकेच्या आसपास सूज असते, त्यामुळे श्वासाची नळी घालणं अवघड होऊ शकतं. पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका जास्त असतो. औषधं काही प्रमाणात बाळापर्यंत जातात. आणि आईला बाळाचं पहिलं रडणं ऐकू येत नाही. मज्जारज्जूच्या भीतीपोटी पूर्ण भूल मागणं म्हणजे फार क्वचित होणारा धोका टाळायला त्याहून जास्त वेळा होणारे धोके पत्करणं. तुम्ही सांगितलेल्या माहितीवर तरी मी असा आग्रह धरू नका असंच म्हणेन. शेवटचा निर्णय तिला प्रत्यक्ष तपासणाऱ्या भूलतज्ज्ञांनी आणि तिने मिळून घ्यायचा.

ऑपरेशननंतरचं एक लक्षात ठेवा. पाय हळूहळू मोकळे होतात. बोटं हलायला लागतात, मग गुडघा वाकतो. चार तास उलटूनही पाय अजिबात उचलता येत नसेल, आलेली हालचाल परत गेली असेल, पाठीत जोराची कळ असेल, लघवीची जागा बधिर राहिली असेल किंवा लघवीची नळी काढल्यावर लघवी होत नसेल, तर 'भूल अजून उतरायची आहे' असं म्हणून सकाळची वाट पाहू नका. नर्सला सांगा आणि भूलतज्ज्ञांना लगेच बोलवायला लावा. रक्त साचून दाब आला असेल तर तासाभराचाही फरक पडतो. घरी गेल्यावर ताप, मान आखडणं किंवा बसल्यावर वाढणारं डोकं दुखणं यासाठीही फोन करा.

आणि ही सगळी बोलणी ऑपरेशनच्या सकाळी टेबलावर होऊ देऊ नका. तारखेच्या आधी भूलतज्ज्ञांची वेळ मागून घ्या. एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट, ताजा हिमोग्राम, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-इंजेक्शनांची यादी बरोबर न्या. पत्नीला त्यांना पाठ दाखवू द्या आणि कोणत्या फटीतून सुई देणार ते बोट ठेवून दाखवायला सांगा. शक्य असेल तर आईंनाही घेऊन जा; प्रश्न त्यांचा आहे, तर उत्तरही त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.